जुनी डिझेल पिकअप घाटात तापते? पान्हा उचलायच्या आधी हे बघा

गाडी तापते म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "रेडिएटर जाम झालाय, बदलून टाक." दुसरा येतो, "थर्मोस्टॅट काढून फेकून दे, आपल्याकडे थंडी कुठे पडते." (थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप.) आणि तिसरा, "वॉटर बॉडी गेली," म्हणजे पाणी फिरवणारा पंप. मी हे तिन्ही सल्ले एकामागोमाग एक ऐकले, तिन्ही वेळा पैसे मोजले, आणि चौथ्या वेळी हापूसच्या पेट्या भरून साखरप्याहून आंबा घाट चढायला लागलो तर अर्ध्या घाटात काटा परत लाल पट्टीला टेकलेला. मे महिना, दुपारचे बारा, मागे दुसऱ्याचा माल. गाडीचं नेमकं काय दुखत होतं ते पुढे सांगतो, आधी शोधायचं कसं ते बघू, कारण माझं जे होतं ते तुमचं असेलच असं नाही.

हे लिहितोय ते जुन्या डिझेल पिकअपसाठी, जिच्यात पंखा इंजिनच्या तोंडावर बसवलेला असतो आणि बेल्टवर फिरतो. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर लावून बघता येतं. आपल्याकडे कान, नाक, हात आणि फार तर ती पिस्तुलासारखी इन्फ्रारेड गन. गन मात्र घ्याच, हजाराच्या आत साधी मिळते आणि एका फुकट बदललेल्या पार्टाच्या पैशात तीन येतील. फक्त चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटं सांगते, तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि त्याच्यावर धरायची. रबरी पाइपावर बरोबर दाखवते.

आधी रस्त्यावरचं सांगून टाकतो

काटा वर चढताना दिसला की एक गियर खाली टाका आणि पाय हलका करा. पुष्कळ जण उलटं करतात, वरच्या गियरमध्ये दाबून दाबून चढवतात, मग इंजिनचे फेरे कमी म्हणून पंखा हळू, पंपही हळू आणि डिझेल मात्र भरपूर जळतंय. तेवढ्याने काटा उतरला नाही तर बाजूला घ्या. गाडीला हीटर असेल तर फुल गरम करून ब्लोअर चालू करा, घामाघूम व्हाल पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे.

बाजूला घेतल्यावर लगेच चावी बंद करायची की नाही ह्यावर टपरीवर तासभर भांडण होऊ शकतं. माझं म्हणणं असं, पाणी अजून आत आहे आणि बेल्ट फिरतोय तर दोन-तीन मिनिटं रेस जरा वर धरून चालू ठेवा, कारण बंद केल्या केल्या पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातली, उष्णता तिथेच कोंडते. पण पाइप फुटलाय, वाफेचे लोट येतायत किंवा बेल्ट तुटलाय तर एक सेकंद थांबायचं नाही, बंद.

आणि रेडिएटरची कॅप. गरम इंजिनची कॅप उघडायची नाही म्हणजे नाही. आत दाब असतो म्हणून पाणी 100 च्या वर गेलं तरी उकळत नाही, साधारण एक बारचा दाब असेल तर साधं पाणी 120 डिग्रीपर्यंत गप्प बसतं. तुम्ही कॅप फिरवली की दाब गेला आणि सगळं पाणी एकदम उकळतं, सरळ तोंडावर. माझ्या चुलतभावाच्या हातावर कोपरापर्यंत डाग आहे, तोही कॅपवर गोणपाट टाकूनच उघडत होता. पाऊण तास थांबा. गार पाणी तापलेल्या ब्लॉकवर किंवा हेडवर ओतू नका, हेडला तडा गेला की मग रेडिएटरचा खर्च स्वस्त वाटेल.

आता दोन प्रश्न. कधी तापते, आणि पाणी जातं का

पान्हा उचलायच्या आधी हे दोन प्रश्न स्वतःला विचारा आणि खरंच कागदावर लिहा, कारण मेस्त्रीकडे गेल्यावर आपण "कधीपण तापते हो" असं म्हणून मोकळे होतो आणि मग तो बिचारा अंदाजानेच सुरू करतो.

हायवेला 70-80 वर तासभर छान चालते पण घाटात किंवा बाजाराच्या गर्दीत तापते, तर वारा कमी पडतोय. म्हणजे पंखा, पंख्याचं कव्हर, नाहीतर रेडिएटरच्या पात्यांत साचलेली घाण. वेगात वारा आपोआप येतो म्हणून तिथे चूक झाकली जाते. ह्याच्या उलट गावात ठीक आणि हायवेला वेग धरला की काटा वर, तर पाणी कमी फिरतंय, म्हणजे रेडिएटर आतून बुजलाय, खालचा पाइप दबतोय किंवा पंपाची पाती झिजलीत. घर सोडून पाच-दहा मिनिटांत तापते तर पाणीच कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील, गेलंय. आणि रिकामी गाडी कधीच तापत नाही, फक्त लोड टाकला की तापते, तर मग सगळंच थोडं थोडं कमजोर असू शकतं किंवा तुम्ही लोड जास्त टाकताय, त्यावर पुढे बोलतो.

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. डिझेल इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू असताना फार कमी डिझेल जाळतं, त्यामुळे त्याला गरम व्हायलाच वेळ लागतो. पेट्रोल गाडी ट्रॅफिकमध्ये तापली तर समजू शकतो, पण डिझेल पिकअप रिकामी, सावलीत उभी, नुसती चालू आणि तरी काटा चढतोय, तर दुखणं मोठं आहे असं समजून चला. पंखा पूर्ण गेलाय, पाणी नाही किंवा कंप्रेशन पाण्यात मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाबाचा गॅस पाण्यात घुसतोय.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आठवडाभर रोज सकाळी, इंजिन गार असताना, कॅप उघडून बघा. रेडिएटरला जोडलेल्या कुलंटच्या बाटलीवर विश्वास ठेवू नका, बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं मी तीन वेगवेगळ्या गाड्यांत बघितलंय. पाणी अजिबात कमी होत नाही आणि तरी तापते, तर वारा किंवा पाण्याचं फिरणं. पाणी कमी होतंय, तर ते कुठे जातंय हे सापडल्याशिवाय बाकीचं काही उघडू नका.

काटा खरं बोलतोय का

हे सगळ्यात स्वस्त आहे म्हणून आधी. काटा लालमध्ये असताना गन घ्या आणि थर्मोस्टॅटच्या घराजवळ, वरच्या पाइपाच्या तोंडाशी धरा. 85 ते 95 दाखवत असेल आणि काटा लालमध्ये, तर इंजिन निर्दोष आहे, दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. हेडलाइट लावल्यावर काटा थोडा उडतो का बघा. उडत असेल तर अर्थिंग खराब, बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी पट्टी काढून पॉलिश पेपरने घासून परत बसवा. कोकणातल्या खाऱ्या हवेत ह्या पट्ट्या हिरव्या पडतात, आमच्याकडे हे इतकं सर्रास आहे की मी दर पावसाळ्यानंतर न सांगता घासतो.

उलटं खोटंही असतं आणि ते जास्त वाईट. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर पाण्यात बुडतच नाही, नुसत्या हवेत लटकतो, मग काटा खाली पडतो आणि माणूस म्हणतो चला गार झाली. आणि इंजिन तिकडे भाजून निघतंय. चढावर काटा वर जाऊन एकदम खाली आला तर खूश होऊ नका, थांबा.

पाणी जातंय तर

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग कुठे आहे त्यावरून अर्धं काम होतं. गळती गार इंजिनला शोधायची, कारण गरम असताना थेंब पडायच्या आधीच सुकतो आणि गार झाल्यावर पाइप आकसून क्लिपा सैल होतात. सुकलेल्या जागी पांढरा किंवा कुलंटच्या रंगाचा ओघळ राहतो तो बघा. वॉटर बॉडीच्या पोटाशी एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणून. तिथे ओघळ असेल तर वॉटर बॉडी खरंच गेली, वाद नाही. आमच्या आळीत एकाने ते भोक एम-सील लावून बंद केलं होतं, मग पाणी बेअरिंगमध्ये गेलं, बेअरिंग फुटलं आणि पंखा रेडिएटरमध्ये घुसला. पंखा धरून पुढे-मागे हलवून बघा, खेळ लागला तरी तेच.

ब्लॉकच्या बाजूला बशीसारखे गोल पत्र्याचे प्लग असतात, ते नुसतं साधं पाणी घालणाऱ्यांचे आतून गंजून सडतात. एक प्लग नेमका स्टार्टरच्या मागे असतो बऱ्याच इंजिनांत, आरसा घेऊन बघावं लागतं. गाडीला हीटर असेल तर पायाखालचं मॅट उचला, ओलं आणि चिकट लागलं तर हीटरची जाळी गळतेय.

बाहेर कुठेच काही सापडलं नाही आणि पाणी तरी रोज पाव लिटर कमी, तर ते इंजिनच्या आत जातंय. हेड गॅस्केटवर पुढे येतो.

कॅप

शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आणि हिला कोणी विचारत नाही. कॅपवर आकडा कोरलेला असतो, 0.9 किंवा 1.1 वगैरे, तो दाबाचा. त्याच आकड्याची घ्यायची, "हीच बसते ओ" म्हणून दुकानदार देईल ती नाही. रबर कडक झालं, स्प्रिंग मरगळली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाटलीतून बाहेर पडतं. तपासायला सोपं, इंजिन गरम असताना वरचा पाइप फडक्याने धरून दाबा, तो टणक लागला पाहिजे. मऊ पडला असेल तर कॅप धरून ठेवत नाहीये. आणि गाडी गार झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर कॅपमधला उलटा वॉल्व्ह अडकलाय, बाटलीतलं पाणी परत ओढलंच जात नाहीये. म्हणूनच मघाशी म्हटलं, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा.

पंखा, आणि माझी फजिती

जुन्या पिकअपमध्ये दोन प्रकार. एक सरळ पुलीला बोल्ट मारलेला पंखा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही, फक्त बेल्ट बघायचा. बेल्टच्या मधोमध अंगठ्याने दाबलं तर साधारण बोटाच्या जाडीएवढा, 10-12 मिलिमीटर, खाली गेला पाहिजे. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर तो घसरतोय, टाइट करून उपयोग नाही, बदला.

दुसरा प्रकार व्हिस्कस फॅन, मध्ये डबीसारखं असतं, आत सिलिकॉनचं तेल. समोर गरम हवा लागली की डबी आवळते आणि पंखा जोरात फिरतो. हे तेल हळूहळू निघून जातं, डबीभोवती तेलकट धुळीचा कडा दिसतो. इंजिन चांगलं गरम करा, बंद करा, चावी खिशात घाला, आणि मग पंखा हाताने फिरवून सोडा. एखादा फेरा मारून थांबला तर ठीक. सायकलच्या चाकासारखा गरगर फिरत राहिला तर डबी गेली. चालू पंख्यात काठी किंवा पेपरची गुंडाळी घालून तपासणारे लोक बघितलेत, तसलं काही करू नका. आणि बॉनेटखाली वाकताना गळ्यातला टॉवेल आधी काढून ठेवा.

आता माझं. त्या दिवशी घाटात थांबलो, गार झाल्यावर पाणी घालून कसाबसा वर गेलो, माल पोचवला. परत येताना साखरप्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे थांबलो, ट्रकचं काम करणारा माणूस. मी सुरुवात केली, काका रेडिएटर नवीन आहे, वॉटर बॉडी नवीन आहे, थर्मोस्टॅट काढलाय. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, आत जाऊन रद्दीतला पेपर आणला. गाडी चालू करायला सांगितली आणि समोरून रेडिएटरच्या जाळीवर पेपरचं एक पान धरलं. मधोमध धरलं तर फाटकन चिकटलं. मग वरच्या कोपऱ्यात धरलं. पडलं. डाव्या कोपऱ्यात, पडलं. खाली, पडलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "मेल्या, कव्हर खंय गेला तुझा?"

पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये जे प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं गोल कव्हर असतं, काऊल म्हणतात त्याला, ते माझ्या गाडीला नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी रेडिएटर काढला होता तेव्हा एका गॅरेजात त्याचे दोन बोल्ट तुटले, म्हणून ते "नंतर बसवू" म्हणून बाजूला ठेवलं, आणि नंतर कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, माझ्यापण नाही. कव्हर नसलं की पंखा स्वतःच्या गोलापुरतीच हवा ओढतो, बाकीची आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो आणि रेडिएटरचे चारी कोपरे नुसते बघे. हायवेला काही कळत नाही. घाटात वीसच्या वेगाने, सगळा भार पंख्यावर, तिथे कळतं. जुन्या बाजारातून कव्हर आणून क्लॅम्प मारून बसवलं आणि आतापर्यंत केलेल्या खर्चाचा हिशोब घरी सांगितला नाही.

तर पेपरची टेस्ट करा. एसी असलेल्या गाडीत पुढे एसीची जाळी येते, तिथे तिच्यावर धरा, थोडं कमी चिकटेल. व्हिस्कस फॅन असेल तर इंजिन गरम करूनच धरा. आणि कव्हर आहे की नाही, तुटलंय का, हे आत्ता उठून बघून या.

रेडिएटर

आमच्याकडे चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीवर गाड्या जातात, ती तांबडी धूळ आणि इंजिनच्या अंगाला असलेलं थोडं तेल मिळून पात्यांमध्ये शेणासारखा लेप होतो. वरून गाडी धुतली की समोरून स्वच्छ दिसतं, घाण आतल्या बाजूला. इंजिनच्या बाजूने बाहेर, म्हणजे हवा जाते त्याच्या उलट्या दिशेने पाणी मारायचं, साध्या पाइपाने, आधी साबणाचं पाणी लावून अर्धा तास भिजवून. वॉशिंग सेंटरचा जोराचा पंप लावला की पाती आडवी होतात आणि मग हवा कायमची बंद. पुढे लावलेली मच्छरदाणीसारखी जाळी, देवाच्या नावाचा मोठा बोर्ड, जादा फॉगलाइट, हे सगळं वारा अडवतं. बोर्ड बॉनेटच्या वर लावा, देव रागावत नाही.

आतून बुजलाय का ते गनने कळतं. गाडी गरम करून रेडिएटरवर समोरून ओळीने गन फिरवा. वरून खाली किंवा एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू गार होत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बंद. आंघोळीच्या बंबाच्या आत पांढरा थर बसतो ना, बोअरचं पाणी घालत राहिलं की तोच ह्या नळ्यांत बसतो. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकी उघडून रॉड मारून साफ करता येतो आणि तो कारागीर अजून मिळतो. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाकीवाला असेल तर त्यात जीव घालू नका.

वरच्या आणि खालच्या पाइपाचं तापमानपण घ्या. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम, तर पाणी फिरतंय पण गार होत नाही, म्हणजे वारा. वरचा जळजळीत आणि खालचा एकदम 40-50 डिग्रीने कमी, तर पाणी नीट फिरतच नाही.

खालच्या पाइपाचं एक वेगळंच नाटक असतं. पंप त्यातून पाणी ओढतो, म्हणून पाइप जुना मऊ झाला की रेस वाढवल्यावर तो आत दबतो, चपटा होतो, आणि पाणी बंद. रेस सोडली की परत गोल. उभ्या गाडीत हाताने दाबून हे कळत नाही. एकाला गरम इंजिनवर रेस द्यायला बसवा आणि तुम्ही लांबून, पंख्याच्या रेषेत न उभं राहता, नुसतं बघा. काही पाइपांत आत तारेची स्प्रिंग असते ती ह्यासाठीच, जुनी गंजून तुटते आणि नवीन पाइप टाकताना मेस्त्री ती फेकून देतो.

थर्मोस्टॅट काढू नका

हे मी काढून बसलेला माणूस सांगतोय. काढल्याने इंजिन हायवेला, पावसाळ्यात थंडच राहतं, डिझेल जास्त जातं, सकाळचा पांढरा धूर संपत नाही, झीज वाढते. आणि मुख्य म्हणजे बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला दुसरी चकती असते, गरम झाल्यावर ती बायपासचं तोंड बंद करते म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा, थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच गरम परत इंजिनात. म्हणजे तापू नये म्हणून काढला आणि त्यामुळेच जास्त तापतेय.

तपासायला घरातलं जुनं पातेलं घ्या (जुनं म्हणालो, आमच्याकडे ह्यावरून झालंय). दोऱ्याने थर्मोस्टॅट पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, बाजूला थर्मामीटर, खाली गॅस. त्यावर 82 असा काहीतरी आकडा असतो, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा डिग्रीने पूर्ण, साधारण 8-10 मिलिमीटर. गार पाण्यात टाकल्यावर परत पूर्ण मिटला पाहिजे. बसवताना छोटी हलती पिन असते ती वरच्या बाजूला ठेवा, हवा निघायला.

हेड गॅस्केट

डिझेलचं कंप्रेशन पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे गॅस्केटला केसाएवढी जरी वाट मिळाली तरी गॅस पाण्यात घुसतो. सकाळी गार इंजिन, कॅप काढा, काठोकाठ पाणी भरा, चालू करा. पहिली दोन-चार मिनिटं बुडबुडे आले तर ती साठलेली हवा असू शकते. पण येतच राहिले आणि रेस दिल्यावर वाढले, पाणी उसळून बाहेर आलं, तर कंप्रेशन मारतंय. कॅप लावून चालू केल्यावर मिनिटाभरात, पाणी कोमटही झालं नसताना वरचा पाइप दगडासारखा टणक, तरी तेच. रात्रभर उभी राहून सकाळी पाइपात दाब शिल्लक, तरी तेच. खात्री करायची तर निळ्या पाण्याचा गॅस टेस्टर मिळतो, रेडिएटरच्या तोंडावर धरून हवा खेचायची, निळ्याचा रंग हिरवट-पिवळा झाला की विषय संपला.

ऑइलचं झाकण उघडल्यावर दुधाळ साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ फेऱ्या मारल्या की नुसत्या बाष्पाने पण येते. डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका.

गॅस्केट करायचंच तर हेड सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून आपल्यासमोर तपासून घ्या, नुसतं गॅस्केट बदलून महिन्यात परत आलेले खूप बघितलेत. आणि डिझेलमध्ये गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचं येतं, कडेला भोकं किंवा खाचा असतात त्या मोजून जुन्याशी जुळवा.

पाणी बरोबर, वारा बरोबर, तरी तापते

मग इंजिन उष्णता जास्त बनवतंय. कुणीतरी ताकद वाढवायला डिझेल पंपाचा स्क्रू फिरवलाय का, चढावर काळा धूर फेकते का, एअर क्लीनर शेवटचा कधी बदलला. थांबल्यावर चारी ड्रमजवळ गन धरा, एखादा बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर ब्रेक चिकटतोय. क्लच घसरत असेल तर वास येतोच.

आणि लोड. 14 बाय 9 बाय 7 इंचाचा एक चिरा 30 किलोच्या वरच भरतो, पावसात भिजलेला अजून जड. साठ चिरे म्हणजे दोन टन होत आले, आणि गाडीच्या कागदावर बघा किती लिहिलंय. साठ भरून घाटात तापली तर त्यात रेडिएटरवाल्याची काय चूक.

पाण्याचंही सांगतो. कोकणात बर्फ पडत नाही म्हणून कुलंट नको असं नाही. अर्धं कुलंट अर्धं पाणी असं मिश्रण दाब नसतानाही 107 च्या आसपास उकळतं, आणि गंज थांबतो. साध्या पाण्यावर वर्षानुवर्षं चालवलेल्या वेट लाइनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं अशा, इंजिनात लाइनरला बाहेरून टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडलेली मी हातात घेऊन बघितलीत. पण नुसतंच कुलंट ओतू नका, ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीला घालतो ते. दोन रंगांचं कुलंट एकत्र करू नका, कधी कधी आत लगदा होतो.

काम झाल्यावर

भरताना गाडीचं तोंड चढावर करा, हीटर गरमवर, कॅप उघडी, हळूहळू ओता, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून पाणी येईपर्यंत थांबा. मग चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे खालचा पाइप गरम होईपर्यंत वाट बघा, पातळी एकदम खाली जाते, परत भरा, मग कॅप. पहिल्या दिवशी अर्ध्या लोडने घाट चढा, वर पोचल्यावर लगेच थर्मोस्टॅटच्या घरावर गन धरून आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनला कॅप उघडा, पाव-अर्धा लिटर बसलं तर ती राहिलेली हवा होती, ठीक आहे. तिसऱ्या दिवशी पण तेवढंच बसलं तर रात्री परत पुठ्ठा पसरा.